सैनिकाचा पगार आणि लेकराचा हक्क

आपल्या समाजात फौजीला मान आहे आणि तो असायलाच हवा. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे दर १ जानेवारीला आपण माथा टेकवतो, तो १८१८ च्या लढाईत लढलेल्या शूरांच्या आठवणीने. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे परमपूज्य बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. स्वतः बाबासाहेब सुभेदाराचे पुत्र, जन्म महूच्या लष्करी छावणीतला. त्यामुळे आपल्या वस्तीत एखादा पोरगा भरती झाला की पेढे वाटले जातात, विहारात त्याचा सत्कार होतो. ज्या समाजाच्या हातात कधी काळी झाडू दिला गेला, त्याच्या हातात देशाची बंदूक आली, हा आनंद साधा नाही.

पण या मानाच्या आड एक गोष्ट झाकली जाते. फौजीने घरी बायको-लेकरांना पैसे पाठवणे बंद केले, तर त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. गिरणीतला कामगार, नगरपालिकेतला सफाई कामगार किंवा माझ्यासारखा कारकून असे वागला, तर वस्तीतले चार लोक त्याला बोलावून जाब विचारतात. फौजी मात्र दूर असतो, वर्षातून एकदा सुटीवर येतो, अंगावर वर्दी असते. त्याला विचारणार कोण? आणि बाईने तोंड उघडले तर “फौजीची बदनामी करते” म्हणून तिलाच बोल लावला जातो.

आम्ही उत्तर नागपुरात राहतो. नोकरी सांभाळून दर रविवारी सकाळी, वंदना झाल्यावर, मी विहारात बसते आणि आयाबायांचे अर्ज लिहून देते. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, संजय गांधी निराधार अनुदान, जातीचा दाखला, जे येईल ते. तीनेक वर्षांपूर्वी एक भगिनी दोन अर्ज घेऊन आली. पहिला तिच्या मुलाच्या शाळेचा होता. त्यात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात पोराने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, “भारतीय सैन्यदल.” दुसरा अर्ज निराधार अनुदानाचा. त्यात तिला लिहून हवे होते की नवऱ्याने तिला टाकून दिले आहे आणि तिला कोणाचाही आधार नाही.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकाच घरातल्या एकाच माणसाबद्दलचे हे दोन कागद. एका कागदावर तो पगारदार सैनिक, दुसऱ्यावर तो जणू नाहीच.

तिला मी विचारले, “बाई, तो पैसे पाठवत नाही का?”

“चार वर्षं झाली ताई. पहिले थोडे यायचे. मग तिकडे त्याचं दुसरं झालं म्हणतात. फोनही उचलत नाही.”

“मग त्याच्या पलटणीत कळवलं का?”

ती घाबरलीच. “नको ताई. नोकरी जाईन ना त्याची. मग पोरायले काय भेटन? आणि सासू म्हणते, फौजीच्या पगाराला कोर्टही हात लावत नाही.”

ती सकाळ-संध्याकाळ चार घरची धुणीभांडी करायची. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. सासरी दोन खोल्यांतली एक खोली तिच्याकडे, तीही “आमच्या मेहरबानीने” असे ऐकवून दिलेली. भीती तिची खरी होती, पण माहिती अर्धवट. आपल्या अनेक घरांत हीच अर्धवट माहिती बाईचे तोंड बंद करते, म्हणून ती नीट सांगणे मला गरजेचे वाटते.

सासूचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. १९५० च्या सैन्य कायद्याच्या २८ व्या कलमानुसार सैनिकाचा पगार दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला जप्त करता येत नाही. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाचा पगार सावकाराने कोर्टामार्फत ओढून नेऊ नये, म्हणून ही तरतूद. पण त्याच कायद्याचे ९० आणि ९१ वे कलम सासूला कोणी वाचून दाखवले नव्हते. ९० वे कलम अधिकाऱ्यांसाठी आहे, ९१ वे जवान, हवालदार, सुभेदार या सर्वांसाठी. या कलमांप्रमाणे बायकोच्या आणि मुलांच्या पोटगीसाठी केंद्र सरकार किंवा नेमून दिलेला वरिष्ठ लष्करी अधिकारी सैनिकाच्या पगारातून रक्कम कापण्याचा हुकूम देऊ शकतो. मूल औरस असो की अनौरस, कायदा भेद करत नाही. म्हणजे कायद्याने सैनिकाचा पगार सावकारापासून राखला आहे. स्वतःच्या लेकरापासून राखलेला नाही.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारने त्या बायकोला किंवा मुलाला काही मदत दिली असेल, तर त्या मदतीचा खर्चही सैनिकाच्या पगारातून कापता येतो. हे वाचून मी थांबले. आपल्याकडे सर्रास म्हणतात, “सरकार देतेच आहे ना, मग त्याच्या मागे कशाला लागता?” त्या म्हणण्याला उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. सरकारची मदत हा बापाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. सरकारने पुढे होऊन लेकराला घास भरवला, तरी तो घास भरवणे मुळात बापाचे काम होते, ही त्यामागची दृष्टी.

आता आकडे पाहू. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही. सैन्याच्या २००१ सालच्या २ क्रमांकाच्या आदेशात पोटगीचे प्रमाण ठरवून दिले आहे. पगार व भत्ते मिळून जी रक्कम होते, तिच्या जास्तीत जास्त २२ टक्के बायकोसाठी आणि प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्के. सगळे मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. समजा एखाद्या जवानाला पगार-भत्ते मिळून ५०,००० रुपये मिळतात. बायकोचे २२ टक्के म्हणजे ११,०००. दोन मुलांचे प्रत्येकी २,७५०, म्हणजे ५,५००. एकूण १६,५०० रुपये दरमहा.

दुसऱ्या बाजूला संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही १९८० पासून आपल्या राज्यात चालू आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम वाढून दरमहा १,५०० झाली. २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेतही सुरुवातीला तेवढीच रक्कम ठरली. या १,५०० ची मी थट्टा करत नाही. महिनाअखेरीला तेवढ्यावर चूल पेटलेली मी पाहिली आहे. पण १६,५०० ला १,५०० ने भागा. अकरा येतात. ज्या लेकरांचा हक्क अकरा पट आहे, त्यांची आई एका पटीसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते आणि उरलेल्या दहा पटींबद्दल तिला कोणी सांगत नाही.

त्या भगिनीला मी हेच कागदावर मांडून दाखवले. ती बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, “मग हे अनुदान मागणं चूक आहे का?”

मुळीच नाही. हे ठासून सांगते, कारण आपले काही स्वाभिमानी बांधव अनुदानाला भीक म्हणतात. ती भीक नव्हे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व आणि नाहक ओढवलेल्या हलाखीत नागरिकाला साहाय्य करावे, असे मार्गदर्शक तत्त्व घातले आहे. नवऱ्याने सोडलेल्या बाईची हलाखी नाहक ओढवलेली नाही तर काय? निराधार योजनेत परित्यक्ता स्त्रिया बसतात. घटस्फोट झालेल्या किंवा त्या प्रक्रियेत असलेल्या, पण पोटगी न मिळणाऱ्या किंवा फारच कमी मिळणाऱ्या स्त्रियाही बसतात. तेव्हा हक्काची पोटगी सुरू होईपर्यंत अनुदान घ्यावे. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत असावे, ही अट मात्र ध्यानात ठेवावी. पोटगी सुरू होऊन उत्पन्न त्याच्या वर गेले, की कार्यालयाला कळवून अनुदान सोडून द्यावे. तो पैसा मग एखाद्या खरोखरच कोणी नसलेल्या बाईच्या घरी जाईल. बापाने आपला भार उचलला नाही, तर तो दुसऱ्या गरिबाच्या वाट्याच्या पैशातून उचलला जातो. असा बाप फक्त आपल्या लेकरांना नाही, तर शेजारच्या विधवेलाही नागवतो.

आता नोकरी जाण्याची भीती. पोटगीची कपात ही शिक्षा नाही. जसा पगारातून निधी कापला जातो, तशी ही रक्कम कापली जाते आणि घरी पोहोचते. बायको असताना दुसरे लग्न केल्याबद्दल सैन्यात कारवाई होऊ शकते हे खरे, पण तो वेगळा विषय. पोटगीचा अर्ज म्हणजे ती तक्रार नव्हे. अर्जात आपल्याला काय हवे ते नेमके लिहावे.

अर्ज अवघड नसतो. नवऱ्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावाने तो लिहायचा. नवऱ्याचा सेना क्रमांक, हुद्दा, युनिटचे नाव, लग्नाची तारीख, मुलांची नावे व वये, पैसे कधीपासून बंद झाले आणि बँक खाते. सोबत लग्नाचा पुरावा व मुलांचे जन्मदाखले जोडायचे. जवानाचे लग्न आणि मुलांचे जन्म सैन्याच्या दप्तरी नोंदलेले असतात. तिथे नोंद असली तर निम्मे काम झालेलेच असते. युनिटचा पत्ता ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. अर्ज पोहोचल्यावर जवानाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे घेतले जाते आणि मग वरिष्ठ अधिकारी निर्णय देतो. नौदल आणि हवाई दलाच्या कायद्यांतही बायको-मुलांच्या पोटगीसाठी अशीच सोय आहे.

हा मार्ग नोकरीत असलेल्या जवानासाठी. निवृत्त झालेल्यासाठी, किंवा लष्कराकडून दाद मिळाली नाही तर, न्यायालय आहेच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम म्हणायचो. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले आहे. नवरा काश्मिरात असो की आसामात, बाई जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते आणि त्या अर्जाचा निर्णय शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. वकिलाची फी नाही म्हणून कोणी अडून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना व मुलांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते.

आपले लग्न बौद्ध पद्धतीने झाले, मग हे कायदे आपल्याला लागू आहेत का, असेही काही जणी विचारतात. १४४ वे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याखेरीज १९५६ चा दत्तक व पोटगीचा कायदा बौद्धांनाही लागू होतो. त्याप्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी ती अठरा वर्षांची झाली म्हणून संपत नाही, तिचे लग्न होईपर्यंत राहते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्या बिलात पोटगीचाही भाग होता. पुढे ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले, त्यातलाच हा एक तुकडा. म्हणजे आपल्या लेकींच्या पदरात पडणाऱ्या पोटगीमागे बाबासाहेबांचा त्याग आहे.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टन रमेश चंदर कौशल विरुद्ध वीणा कौशल या खटल्यात निकाल दिला. त्या काळी पोटगीला महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. नवऱ्याचे म्हणणे, बायको आणि दोन मुले मिळून सगळ्यांना ५०० च. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते नाकारले. मर्यादा प्रत्येकाची वेगळी मोजायची, असे न्यायालयाने ठरवले. स्त्रिया आणि बालके यांच्या रक्षणासाठी हे कलम आहे, ते संविधानाच्या १५ (३) आणि ३९ या अनुच्छेदांच्या प्रकाशात वाचले पाहिजे, असा त्या निकालाचा आधार. २००१ मध्ये ती ५०० ची मर्यादाही कायद्यातून गेली. यातली मुख्य गोष्ट अशी की मूल हे आईच्या पदराला बांधलेले गाठोडे नाही. त्याचा स्वतःचा हिस्सा आहे, वेगळा मोजला जाणारा.

त्या भगिनीचा अर्ज लिहायला आमच्या विहारातले एक निवृत्त सुभेदार काका बसले. मला वाटले होते, ते फौजीची बाजू घेतील. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “ताई, फौजेत मोर्चा सोडून कोणी पळाला तर त्याला माफी नसते. ज्याने लेकरं सोडली त्याचं नाव सांग, सेना क्रमांक सांग.” त्यांनीच फौजेच्या भाषेत, मुद्देसूद, एका पानाचा अर्ज केला. शिवी नाही, रडगाणे नाही. सासरी गोंधळ झाला. “वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही” असे सासू म्हणाली. सुभेदार काका त्यांच्या दारात जाऊन बसले आणि म्हणाले, “वहिनी, नातवंडं तुमची आहेत. तोंड त्यांनी लपवायचं की त्यानं?” सासू काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून खोलीचे ऐकवणे बंद झाले.

अर्जाला वेळ लागला. नोटीस गेली, उत्तर आले, पुन्हा कागद मागवले. मध्ये एकदा नवऱ्याचा फोन आला. आधी धमकी, मग गोडीगुलाबी, “अर्ज मागे घे, मी पाठवतो.” तिने सांगितले, “आधी येऊ द्या, मग पाहू.” ते शब्द कोणी शिकवलेले नव्हते. जवळजवळ वर्ष गेले. शेवटी हुकूम झाला आणि खात्यावर पैसे येऊ लागले. पहिल्या महिन्यात तिने मुलीचा चष्मा केला. डोकेदुखी म्हणून पोर वर्गात मागे पडत होती, तिला फळाच दिसत नव्हता. दुसऱ्या महिन्यात ती माझ्याकडे अनुदान बंद करण्याचा अर्ज लिहून घ्यायला आली. कार्यालयातल्या बाबूने तो दोनदा वाचला म्हणे. अनुदान सुरू करा म्हणून रोज येतात, बंद करा म्हणून आलेली बाई त्याने क्वचितच पाहिली असेल.

बांधवांनो, सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईवडिलांची मुलांबद्दलची कर्तव्ये सांगितली आहेत. वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, पोट भरण्याची विद्या देणे, योग्य जोडीदार पाहून देणे, वेळेवर वारसा हाती सोपवणे. त्यात कुठेही असे नाही की बायकोशी पटले तरच. नवरा-बायकोचे नाते तुटू शकते, कायदाही ते तोडून देतो. बाप-लेकराचे नाते तोडणारा दाखला कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

आणि फौजी बाप कसा असावा, याचा दाखला शोधायला आपल्याला दूर जायचे नाही. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तुटपुंज्या पैशात मोठा संसार ओढत होते. भिवाला पुस्तक हवे म्हटले की खिशात पैसे नसले तरी विवाहित लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागत, तो गहाण टाकत आणि पुस्तक घेऊन घरी येत, असे चरित्रकार सांगतात. त्या फौजी बापाने “मी देशसेवा केली, आता लेकरांचे सरकार पाहील” असे म्हटले असते, तर आज आपण कुठे असतो?

म्हणून विहारांच्या कमिट्यांना माझी विनंती आहे. भरती झालेल्या पोराचा सत्कार जरूर करा. त्याच सत्कारात त्याच्या लग्नाची, मुलांच्या जन्माची नोंद वेळेवर दप्तरी करण्याचे त्याच्याकडून वदवून घ्या. त्याचा सेना क्रमांक आणि युनिट बायकोजवळ लिहिलेले असू द्या. ती लिहू-वाचू शकत नसेल तर विहाराच्या वहीत असू द्या. महिला मंडळांनी एका रविवारी तरी हा विषय घ्यावा. आणि ज्या भगिनी आज लाजेपोटी गप्प आहेत, त्यांनी विहारात यावे, कागद घेऊन यावे. लाज ज्याने वाटून घ्यायची त्याने घ्यावी. लेकराच्या ताटातली भाकर मागण्यात आईला कसली लाज?

जयभीम. नमो बुद्धाय.